सावलीतली जमीन बारमाही हिरवी ठेवायची तर: नागपूरच्या अंगणासाठी पानपिंपरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. प्रतापनगरात घराच्या उत्तरेला बारा बाय पंधरा फुटांची सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा आहे. तिच्या एका टोकाला जुना कडुनिंब आणि दुसऱ्या टोकाला आंबा. दोनदा लॉन लावली, दोन्ही वेळा वर्षभरात टक्कल पडलं. आता झाडांखाली बाराही महिने हिरवं राहील, जमिनीलगत पसरेल आणि आपल्याकडचंच म्हणता येईल असं काहीतरी हवंय. मनी प्लांट नको.

लॉन गेली यात तुमच्या मेहनतीचा दोष नाही. हरळी काय किंवा नर्सरीत मिळणारं कार्पेट गवत काय, ही सगळी उन्हाची लेकरं. आंब्याखाली त्यांना दोन-तीन तास विरळ ऊन मिळतं, त्यावर ती जेमतेम तग धरतात आणि पहिल्याच पावसाळ्यात चिखल तुडवला गेला की संपतात. तिसऱ्यांदा लॉन लावू नका.

तुमच्या जागेसाठी मी पानपिंपरी लावीन. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी, सुंठ-मिरीबरोबर त्रिकटूत पडणारी पिंपळी, तिचाच हा वेल. विड्याच्या पानाची सख्खी बहीण म्हणा. पान हृदयाच्या आकाराचं, गर्द हिरवं, किंचित चकचकीत. वेल जमिनीवर सरपटतो, पेरापेरातून मुळं सोडतो आणि वीतभर उंचीची गादी तयार करतो. नागपूर भागात मी बागा करायला लागल्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. झाडाखालच्या जागेसाठी यापेक्षा भरवशाचं देशी झाड मला अजून सापडलेलं नाही.

तरी "इथलंच" या शब्दाबद्दल आधी प्रामाणिकपणे बोलायला हवं. आपल्याकडचं जंगल पानगळीचं. पेंचला किंवा गोरेवाड्याला मे महिन्यात जाऊन बघा, सागाखालची जमीन उघडी असते. केना पावसाळ्यात माजतो आणि दिवाळीनंतर दिसेनासा होतो. काळी मुसळी, भुईचाफा हे जमिनीखाली कंदात झोपून उन्हाळा काढतात. इथल्या जमिनीवरच्या लहान झाडांची रीतच ती आहे: पाणी असेल तेव्हा उगवायचं, नसेल तेव्हा गुडुप व्हायचं. बारमाही हिरवळ आपल्याकडे फक्त नाल्याकाठी, झऱ्याजवळ आणि जुन्या विहिरींच्या आतल्या भिंतींवर दिसते. तिथे मंडूकपर्णी असते, जलपिंपळी असते, हंसराज असतो. म्हणजे "बारमाही हिरवं आणि देशी" असं म्हटलं की आपण नाल्याकाठची झाडं मागत असतो. ती हवीत तर नाल्याकाठची ओलही द्यावी लागते.

पानपिंपरीचं मूळ घर भारतातली दमट जंगलं, सह्याद्री आणि ईशान्येकडचा भाग. नागपूरच्या रानात ती आपसूक उगवत नाही. पण अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीकडे ती पिढ्यान्‌पिढ्या शेतात पिकते आहे. बारी समाजाने पानमळ्याच्या जोडीने ती जोपासली. आपल्या रामटेकचे पानमळेही प्रसिद्ध होते. वैदर्भीय उन्हाळ्यात हा नाजूक वेल जगवायचा कसा, हे त्या लोकांनी मोठ्या कष्टाने शोधून ठेवलंय: शेवरी-पांगाऱ्यासारख्या झाडांची पातळ सावली, थोडं थोडं पण न चुकता मिळणारं पाणी, भरपूर शेणखत, आणि गरम वारा अडवायला चारही बाजूंनी आडोसा. आपल्याला घरामागे करायचंय ते एवढंच. आडोसा आणि सावली तुमच्याकडे आयतीच आहे.

आता सावलीबद्दल, कारण इथेच बहुतेक जण फसतात. घराच्या उत्तरेची जागा डिसेंबरात दिवसभर सावलीत असते म्हणून आपण तिला सावलीची जागा समजतो. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेकडे मावळतो. २६ मेच्या आसपास तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली पडत नाही. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारीसुद्धा तो किंचित उत्तरेला असतो. म्हणजे जी उत्तर बाजू वर्षभर थंड वाटते, तिला नेमकं नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या रणरणत्या नऊ दिवसांत, सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन लागतं. सकाळचं चालतं. संध्याकाळी चार ते साडेसहाचं, तापलेल्या भिंतीवरून परतणारं ऊन पानपिंपरीला मारतं. २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत एका संध्याकाळच्या उन्हात पानं उकडल्यासारखी लोंबतात आणि दुसऱ्या दिवशी काळी पडतात.

त्यात कडुनिंबाची एक खोड आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पानं झाडतो आणि नवी पालवी दाट व्हायला एप्रिल उजाडतो. मधले काही आठवडे खालची जमीन उघडी पडते, आणि ऊन तेव्हाच वाढत असतं. आंब्याचं तसं नाही, त्याची सावली बारमाही आणि दाट. म्हणून रोपं आणण्याआधी एकदा एप्रिलात आणि एकदा मेच्या शेवटी, दुपारी चारनंतर तासातासाने अंगणात उभं राहून कुठे ऊन पडतं ते बघा. चुन्याने रेघ मारून ठेवा. पश्चिमेचं ऊन जिथपर्यंत येतं तिथे पहिल्या दोन उन्हाळ्यांत हिरवी शेडनेट उभी बांधावी लागेल किंवा तिथे पानपिंपरी लावायचीच नाही. हे मी स्वतः पोळून शिकलो. सुरुवातीच्या काळात धरमपेठेतल्या एका घरी मी आंब्याखाली फेब्रुवारीत ऐंशी रोपं लावली. जागा गारेगार वाटत होती. जूनमध्ये मोजली तेव्हा अकरा उरली होती. ती अकराही बुंध्याच्या पूर्वेकडची. त्या घरच्यांचे पैसे मी परत केले आणि पुढच्या पावसात रोपं पुन्हा लावून दिली, पण फेब्रुवारीत लावणं त्या दिवसापासून सोडलं.

दुसरा शत्रू झाडाची मुळं. झाडाखाली काही जगत नाही याचा दोष लोक अंधाराला देतात. माझ्या पाहण्यात तहान हे त्याहून मोठं कारण आहे. आंबा आणि कडुनिंब वरच्या फूटभर मातीत तंतुमुळांचं जाळं पसरवतात आणि तुम्ही घातलेलं पाणी तुमच्या रोपाआधी पितात. उपाय म्हणून बुंध्याभोवती फूटभर नवी माती भरू नका. खोडाला माती टेकली की साल कुजते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. पाच-सहा वर्षांत अख्खं झाड जातं, ते मी पाहिलंय. कुदळीने खणून मुळंही तोडत बसू नका. बुंध्यापासून दोन फूट जागा मोकळी सोडा. उरलेल्या जागेत खुरपीने चाचपत दोन मुळांच्या मधली मऊ जागा शोधा, तिथे वीतभर खोल, वीतभर रुंद खड्डा करा आणि त्यात दोन ओंजळी जुनं शेणखत आणि एक ओंजळ कुजलेला पाला मिसळा. सगळे खड्डे झाले की वरून दोन इंचांचा पालाखत-शेणखताचा थर द्या. तुमच्या जागेला त्यासाठी पन्नास-साठ घमेली लागतील. एवढ्या थराने झाडाला त्रास होत नाही.

तुमची माती काळी असणार. प्रतापनगरात वरची माती बहुतेक काळी चिकण किंवा बांधकामावेळी आणून टाकलेला मुरूम, कधी दोन्हींची खिचडी. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि पानपिंपरीचं खोड जमिनीलगत कुजवते. म्हणून पावसाचं पाणी कुठे साचतं ते आधी बघून घ्या. साचणारा भाग असेल तर थोडा उतार काढून बाहेर वाट करून द्या, नाहीतर तेवढा कोपरा मंडूकपर्णीला द्या. मातीत मुरूम जास्त असेल तर मात्र निचऱ्याची काळजी नको, शेणखत दुप्पट घाला.

रोपांचं सांगतो. पानपिंपरीत नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात. मादीला आखूड, जाड पिंपळ्या लागतात, नराला लांब सडपातळ कणसं. गालिचा म्हणून दोन्ही सारखेच. घरात पिंपळ्या हव्या असतील तर विकत घेताना मादी वेलाचं कलम मागून घ्या. दहा-बारा चांगली रोपं पुरतात, पुढची घरीच करता येतात. ना फार कोवळा ना काष्ठ झालेला असा वेल घ्यायचा, तीन ते पाच पेरांचे तुकडे करायचे, खालची दोन पेरं मातीत जातील असे काळ्या पिशवीत लावायचे आणि पिशव्या दाट सावलीत ठेवायच्या. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. हे काम होळीच्या आधीही करता येतं, पण मग एप्रिल-मे त्या पिशव्या सांभाळणं हे तान्हं मूल सांभाळण्याइतकं काम आहे. मृग लागला, दोन-तीन चांगले पाऊस झाले, हवेतली झळ गेली की पिशव्या भराव्यात. पोळ्याच्या आसपास रोपं जमिनीत जावीत. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन सोन्यासारखे महिने त्यांना मिळतात आणि थंडीच्या आधी मुळं खोल जातात.

अंतर एक फूट ठेवलं तर एका चौरस फुटाला एक रोप. तुमची जागा १८० चौरस फूट. दोन्ही बुंध्यांभोवतीची मोकळी जागा, भिंतीलगतची पट्टी आणि चालायची वाट सोडून १३०-१४० रोपं लागतील. घाई नसेल तर दीड फुटावर साठेक रोपं लावा, दुसऱ्या पावसाळ्यात मोकळ्या जागा आपोआप भरतात. मधल्या काळात वेलाची टोकं हाताने रिकाम्या जागेकडे वळवायची आणि पेरावर चिमूटभर माती टाकायची. एवढं केलं तर विकतची निम्मी रोपं वाचतात. वाट मात्र सुरुवातीलाच शहाबादी फरश्या टाकून ठरवून टाका. हा गालिचा बघायचा आहे, तुडवायचा नाही. रोज पाय पडला तर पेरं मोडतात.

पाण्याबद्दल. रोपं लावल्यावर पाऊस असेल तर काही करू नका. ऑक्टोबरपासून तीन-चार दिवसांनी एकदा. हिवाळ्यात आठवड्याला एकदा पुष्कळ. मार्चपासून एक दिवसाआड, नवतप्यात रोज, सकाळी आठच्या आत. बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको, भले पानं दुपारी किंचित झुकलेली दिसोत. दुपारी झुकलेली पानं संध्याकाळी ताठ झाली तर झाड ठीक आहे. सकाळीही झुकलेलीच दिसली तर काळजी करा. तेव्हा माती कोरडी असेल तर पाणी कमी पडतंय. माती ओली असूनही पानं झुकली असतील तर मूळ कुजतंय, पाणी थांबवा.

आणि पाणी कुठलं, हेही तितकंच महत्त्वाचं. नागपुरात प्रत्येक घरी कूलर. दर आठवड्याला टाकी रिकामी करताना ते पाणी बागेत सोडायची सवय मी शेकडो घरांत पाहिली आहे. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर टाकीच्या तळाचं ते पाणी चांगलंच खारट झालेलं असतं. आरओचं सांडपाणीही तसंच. दोन्ही पानपिंपरीला घालू नका, पानांच्या कडा आधी तपकिरी होतील आणि मग गळतील. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते बादलीत धरा आणि खुशाल घाला.

इथे आंब्याचा एक पेच आहे, तो आधीच सांगतो. आंब्याला मोहोर यायचा तर त्याआधीच्या थंडीत त्याला ताण बसावा लागतो, म्हणजे मुळांशी पाणी कमी पडावं लागतं. संत्र्याच्या बागायतदाराला आंबिया बहाराचा, म्हणजे थंडीनंतरच्या फुलोऱ्याचा, ताण सांगावा लागत नाही, तसंच हे. आंब्याखाली नोव्हेंबर ते जानेवारी तुम्ही सतत ओल ठेवली तर झाड पालवी काढत बसेल आणि मोहोर कमी येईल. तुमचा आंबा फळं देत असेल आणि ती तुम्हाला हवी असतील, तर गालिचा मुख्यतः कडुनिंबाच्या बाजूला धरा आणि आंब्याच्या घेराखाली त्या तीन महिन्यांत फक्त रोपाच्या बुडाशी तांब्याभर पाणी द्या, तेही आठ-दहा दिवसांनी. पानं थोडी मळकट दिसतील, पण वेल मरणार नाही. माझ्याकडे निवड आली तर मी आंबा वाचवतो.

हिवाळ्यात वेल थांबल्यासारखा वाटेल. डिसेंबर २०१८मध्ये नागपुरात ३.५ अंशांपर्यंत थंडी गेली होती, तेव्हाही झाडाखालचे गालिचे जुनी पानं पिवळी करून टिकून राहिले. उघड्यावरचे मात्र भाजले. अशा वेळी खत घालून जोर देऊ नका. फेब्रुवारीत नवे कोंब दिसले की मूठ-मूठ गांडूळखत भुरभुरवा. कात्री लावायची ती वर्षातून एकदाच, जूनच्या शेवटी, पाऊस स्थिरावल्यावर. लांब सुटलेले वेल कापा, त्याच तुकड्यांची नवी रोपं होतात. भिंतीवर किंवा आंब्यावर चढायला लागला तर खाली ओढून घ्या, नाहीतर तो वर जाईल आणि जमीन उघडी पडेल.

कीड फारशी नाही. पावसाळ्यात गोगलगायी पानं कुरतडतात, संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचायच्या. उन्हाळ्यात पेरांवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. नाही गेला तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीचा. कडुनिंब तुमच्या दारातच आहे, उन्हाळ्यात पडणाऱ्या निंबोळ्या वाळवून ठेवा.

घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर सापाचा प्रश्न मनात येणारच, आणि तो योग्य आहे. दाट हिरवळीत बेडूक येतात, बेडकांमागे साप येऊ शकतो. म्हणून घराच्या भिंतीलगत आणि मागच्या दाराशी दीड फुटाची फरशीची किंवा गिट्टीची पट्टी मोकळी ठेवा, विटा-लाकडांचे ढीग तिथे रचू नका, आणि रात्री मागे जाताना दिवा लावा. एवढी शिस्त असेल तर भिण्याचं कारण नाही.

नळाजवळ किंवा एसीचं पाणी ठिबकतं त्या सतत ओल्या कोपऱ्यात मंडूकपर्णी लावा. ती पानपिंपरीहून बुटकी, गोलसर मूत्रपिंडाच्या आकाराचं पान लांब देठावर. नर्सरीत "ब्राह्मी" म्हणून दोन वेगळी झाडं मिळतात. दुसरी जलब्राह्मी, तिची पानं लहान, जाड, लांबट. तिला ऊन जास्त लागतं, तुमच्या जागेत ती विरळ होईल. तेव्हा पान बघून घ्या.

वेडेलिया मात्र कुणी फुकट दिली तरी आणू नका. पिवळ्या फुलांची ती अमेरिकन वेल सावलीतही भराभर पसरते, म्हणून माळी लोक आनंदाने देतात. तिचा एक तुकडा नाल्यात गेला की पुढचा काठ ती व्यापते आणि आपल्या मंडूकपर्णीची, जलपिंपळीची जागा जाते. घाणेरीने आपल्या जंगलांचं काय केलं ते डोळ्यांसमोर आहे. मनी प्लांट तुम्ही आधीच नको म्हटलंत. तोही पॅसिफिकमधल्या बेटांवरचा पाहुणा, आणि आंब्यावर चढला की हाताएवढी पानं काढून खोड झाकून टाकतो.

पिंपळ्या लागल्या तर त्या हिरव्या-काळपट आणि टणक झाल्यावर तोडून उन्हात वाळवा. मसाल्यात चिमूटभर वापरायला छान. औषध म्हणून रोज घ्यायची असेल तर वैद्यांना विचारूनच, ती फार उष्ण असते.

आणि फेब्रुवारीत कडुनिंबाची पानं गालिच्यावर पडायला लागली की झाडू मारू नका, खराट्याने कोवळी पेरं तुटतात. हाताने किंचित हलवलं की बारकी पानं खाली सरकतात आणि वेलाखाली जाऊन बसतात. नळाजवळ जाडसर थर साचला तर तेवढाच उचलून आंब्याच्या घेरात पसरवा. जाळू नका. मार्चपासून जी ओल धरून ठेवायची आहे, ती याच पाल्याखाली टिकते.